कॅमेऱ्यासाठी रिचार्जेबल सेल निवडताना

मुंजीत बटूवर अक्षता पडतात, आणि नेमक्या त्याच क्षणी कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'बॅटरी संपली' अशी सूचना झळकते. सकाळीच तर नवे सेल घातले होते! असा अनुभव अनेकांना आलेला असतो आणि दोष बहुधा कॅमेऱ्याला दिला जातो. वास्तविक चूक असते ती सेलच्या निवडीत.

पेन्सिल सेलवर चालणारे जुने डिजिटल कॅमेरे आज पुन्हा कपाटाबाहेर येत आहेत. अनेक फ्लॅशगनलाही हेच सेल लागतात. फ्लॅश सज्ज होताना किंवा लेन्स पुढे सरकताना कॅमेरा एकदम मोठा विद्युतप्रवाह ओढतो. अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध तुलनेने जास्त असल्याने अशा वेळी त्याचा दाब खाली येतो आणि सेल संपल्याचा समज होऊन कॅमेरा बंद पडतो. तोच 'संपलेला' सेल भिंतीवरच्या घड्याळात मात्र पुढे कित्येक महिने चालतो!

निकेल मेटल हायड्राइड, अर्थात 'एनआयएमएच' प्रकारच्या रिचार्जेबल सेलचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो. तरीही तो कॅमेऱ्यात अधिक टिकतो, कारण मोठा प्रवाह देतानाही त्याचा दाब बराच काळ स्थिर राहतो. कॅमेऱ्याच्या मेन्यूत सेलचा प्रकार निवडण्याची सोय असल्यास ती अवश्य वापरावी. अन्यथा शिल्लक दाखवणारे चिन्ह फसवे ठरू शकते.

खरेदी करताना बहुतेकांची नजर 'एमएएच'च्या आकड्यावर जाते. हा आकडा सेलची क्षमता सांगतो. पण केवळ त्यावर विसंबू नये. साधा एनआयएमएच सेल नुसता पडून राहिला, तरी हळूहळू रिकामा होत जातो आणि उन्हाळ्यात ही गळती वाढते. महिन्यातून एखाद्या वेळी कॅमेरा काढणाऱ्याला म्हणूनच तो ऐनवेळी दगा देतो. यावर उपाय म्हणून सान्यो कंपनीने २००५ मध्ये 'एनेलूप' हे कमी गळतीचे सेल बाजारात आणले. वर्षभरानंतरही सुमारे ८५ टक्के चार्ज शिल्लक राहतो, असा कंपनीचा दावा होता. आता अनेक कंपन्या असे सेल बनवतात. ते चार्ज केलेल्या स्थितीतच विकले जातात आणि वेष्टनावर बहुधा 'रेडी टू यूज' असे लिहिलेले असते.

घरगुती वापरासाठी असे सुमारे २,००० एमएएचचे सेल उत्तम. २,५०० एमएएचच्या सेलवर एका वेळी जास्त छायाचित्रे निघतात; परंतु ते सहसा कमी वेळा चार्ज करता येतात. ३,००० किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असल्यास मात्र सावध राहावे.

चार्जरही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासून तो भरताच थांबणारा चार्जर घ्यावा. ५०० मिलिअँपिअरच्या चार्जरवर २,००० एमएएचचा सेल भरण्यास साधारण साडेचार-पाच तास लागतात. चार सेलचा संच नेहमी एकत्रच वापरावा व त्यावर खूण करून ठेवावी. जुने-नवे सेल मिसळल्यास सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो, उरलेले त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात आणि तो कायमचा बिघडतो.

आणखी एक इशारा. '१४५००' हा लिथियम-आयन सेल दिसायला पेन्सिल सेलसारखाच असतो. मात्र त्याचा दाब ३.७ व्होल्ट असतो. तो चुकूनही कॅमेऱ्यात घालू नये. निकामी झालेले सेलही घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते वेगळे काढून संकलनासाठी देणे अपेक्षित आहे.

समारंभाच्या आदल्या रात्री एक संच कॅमेऱ्यात आणि दुसरा डबीत, दोन्ही पूर्ण चार्ज केलेले असावेत. मग अक्षतांच्या क्षणी लक्ष बॅटरीच्या चिन्हाकडे नव्हे, तर बटूच्या चेहऱ्याकडे राहील.