बायोप्सी निगेटिव्ह आली, म्हणजे सुटलो का?

आजचा विषय आहे जायंट सेल आर्टरायटिस, म्हणजे धमन्यांच्या भिंतींना येणारी सूज. आजार पन्नाशीनंतरचा. आपल्याकडे कमी दिसतो, पण नजर घालवू शकतो.

लक्षणं ऐका. कधी नव्हती अशी डोकेदुखी, कंगवा लागला तरी दुखणं, भाकरी चावताना जबडा भरून येणं. सुजेमुळे धमनी आतून अरुंद होते. डोळ्याच्या नसेचं रक्त थांबलं की दृष्टी अचानक जाते, आणि गेलेली सहसा परत येत नाही.

रक्ताच्या ईएसआर, सीआरपी तपासण्यांतून संशय वाढतो. मग कानशिलाची जागा बधिर करून धमनीचा एक-दोन सेंटिमीटरचा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी असेच तुकडे तपासले होते.

गोम अशी, की सूज सलग नसते. मध्येमध्ये धमनी चांगली असते. आम्हा कोडिंगवाल्यांना हे पटकन कळतं: एक टेस्ट पास झाली म्हणून बग नाही असं होत नाही. म्हणून तुकडा पुरेसा लांब हवा, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर लक्षणं सोडून देत नाहीत.

दाट संशय असेल तर डॉक्टर बायोप्सीआधीच स्टेरॉइड सुरू करतात. पुढच्या काही दिवसांत केलेल्या बायोप्सीतही सूज सापडते. मात्र या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करायच्या नाहीत.

पोखर्णीत आजी असं काही बोलली, तर ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ म्हणू नका. त्याच दिवशी परभणी गाठा.