फिरकी लागत नाही तेव्हा

कुडीची फिरकी तुरीच्या दाण्याएवढी असते. एका हाताने कुडी कानाशी धरायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीत फिरकी घ्यायची, कानामागे चाचपत ती मळसूत्रावर टेकवायची आणि तीन-चार आटे द्यायचे. हे काम मी पंचवीस वर्षं बोलता बोलता केलं. एका श्रावणात मंगळागौरीला निघताना मात्र चिमूट मिटलीच नाही. फिरकी निसटली आणि घरंगळत कपाटाखाली गेली. वाकून शोधायला गुडघे तयार नव्हते. आईच्या त्या मोत्यांच्या कुड्या डबीत परत ठेवल्या आणि बुच्या कानांनीच गेले. तिथे चौघींनी विचारलं, ‘‘कानात काही नाही ते?’’ मी म्हटलं, ‘‘घाईत राहिलं.’’

त्याच वर्षी रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि दुखण्याला नाव मिळालं. रुमेटॉइड आर्थ्रायटिस, घरच्या भाषेत आमवात. आता नऊ वर्षं झाली. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटांची पेरं, मनगटं, पावलांचे पुढचे सांधे सुजतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये त्याचं प्रमाण दोन-तीन पट आहे. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात आणि मोकळे व्हायला तास-तासभर जातो. म्हणजे बाईची आवरण्याची जी वेळ, नेमकी तीच तिच्या हातांची सगळ्यात वाईट वेळ.

दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं किंवा पुन्हा पुन्हा येत राहिलं, तर वैद्यकात त्याला जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात या वेदनेचा स्वतंत्र गट आहे, आणि काही प्रकारांत दुखणं हे लक्षण नसून तोच आजार, असं मानलेलं आहे. ज्यांचे अहवाल सगळे ‘नॉर्मल’ येतात पण अंग ठणकत राहतं, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!

पण अंग ठणकत असताना नटायचं कशाला, असं मला प्रेमाने विचारणारी माणसं घरातच आहेत. गाऊनवर राहा, कोण बघतंय, म्हणतात. त्यांची काळजी मला कळते. तरी माझं उत्तर ठरलेलं आहे. गोळ्यांच्या वेळा डॉक्टर ठरवतात. कुठल्या दिवशी चालता येईल हे सांधे ठरवतात. गळ्यात ठुशी की तन्मणी, एवढं तरी मला ठरवू द्या.

या बाबतीत मी जिला गुरू मानते, ती मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो. सहाव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय बारीक राहिला. १७ सप्टेंबर १९२५ रोजी, अठराव्या वर्षी, तिच्या बसला ट्रामची धडक बसली. पाठीचा कणा, कमरेचं हाड, पाय, सगळीकडे मोडतोड झाली. पुढचं आयुष्य शस्त्रक्रियांत आणि प्लास्टरच्या, चामड्याच्या, पोलादाच्या कॉर्सेटमध्ये गेलं. प्लास्टरच्या कॉर्सेटवर तिने स्वतः चित्रं काढली. तिचा पेहराव नीट बघितला, की कळतं की त्यातली एकेक गोष्ट विचार करून आलेली आहे. तेहुआंतेपेक भागातल्या बायकांचा पायघोळ घागरा पाय झाकतो. चौकोनी कापाचा सैल झगा, त्याला उईपिल म्हणतात, कॉर्सेटवरून अलगद उतरतो आणि त्याला पाठीमागे ना हूक, ना बटण. वेण्यांचा मुकुट, त्यात फुलं आणि रिबिनी, कानात मोठे डूल, गळ्यात जुन्या हिरव्या दगडांच्या माळा, हे सगळं बघणाऱ्याची नजर चेहऱ्याकडे उचलून नेतं. १९५३ मध्ये उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा कृत्रिम पायासाठी तिने लाल चामड्याचा, भरतकाम केलेला बूट केला. त्याला घुंगरूही होते. १९५४ मध्ये ती गेल्यावर तिचे कपडे आणि वस्तू मेक्सिको शहरातल्या तिच्या निळ्या घरात बंद खोलीत राहिल्या, त्या २००४ मध्ये उघडल्या. २०१८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात दागिन्यांशेजारी ते कॉर्सेटही मांडले होते.

मागे हूक नसलेल्या त्या झग्याचा फोटो बघितला आणि मला आजीची खणाची चोळी आठवली. चोळीची गाठ पुढे असते. ब्लाउजची बटणं मागे नेण्याची फॅशन नंतरची. खांदा वर जात नसेल तर मागचा हूक ही शिक्षा आहे. मी शिंप्याला सगळे ब्लाउज पुढून उघडणारे शिवायला सांगितले, आणि बारीक हुकांऐवजी मोठी टिचबटणं.

आपल्या जुन्या दागिन्यांत अशी शहाणी कामं पुष्कळ आहेत, फक्त त्यांच्याकडे दुखऱ्या हाताने बघावं लागतं. ठुशीच घ्या. तिला मागे हूक नसतो, दोरा आणि सरकती गाठ असते. दोरा सैल करून ती डोक्यावरून घालायची आणि गोंडा ओढायचा. गोंडा मुठीत धरता येतो, चिमूट लागत नाही. हाताचे उपचार करणारे थेरपिस्ट हेच तर शिकवतात. जोर लहान सांध्यांवरून काढून मोठ्या सांध्यांवर न्या, चिमटीचं काम मुठीला द्या, मुठीचं कोपराला. पटवेकऱ्याकडे जाऊन मी दोन हार हुकावरून असे दोऱ्यावर गाठवून घेतले. नाक टोचलेलं असो-नसो, दाबाची नथ आहेच. लांब मंगळसूत्र डोक्यावरून जातं. आखूड मंगळसूत्राला चुंबकाचा फासा लावता येतो, दोन टोकं जवळ नेली की आपण होऊन चिकटतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी मात्र चुंबकाचं काहीही अंगावर घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

बांगडीचं माप मनगटाचं नसतं, पंजाचं असतं. हे मला एका लग्नात चुडा भरताना कळलं. कासारीणमावशींनी माझा हात हातात घेतला, अंगठ्याचा उंचवटा दाबून बघितला आणि थांबल्या. ‘‘ताई, पेरं गरम लागतात तुमची. जोर नाही करायचा मी.’’ माझ्या पंजातून जाईल अशी बांगडी मनगटावर इतकी सैल, की हात खाली केला की घरंगळून बोटांपर्यंत यायची. मावशींनी दोनच हिरव्या बांगड्या माझ्या पदराला बांधून दिल्या आणि म्हणाल्या, ‘‘सोनाराकडून बिजागरीचं कडं करून घ्या.’’ बिजागरीचं कडं पंजातून जात नाही. ते उघडून थेट मनगटावर मिटतं, म्हणून ते मनगटाच्या मापाचं करता येतं. आता आईच्या पाटल्याही तशा केल्या आहेत.

अंगठ्यांच्या बाबतीत जरा कडक बोलते. पेर सुजायला लागलं असं वाटलं, की त्याच दिवशी अंगठी काढा. उद्यावर टाकू नका. अडकलीच तर हात थोडा वेळ उंच धरा, गार पाण्यात बुडवा, साबण लावून हळूहळू फिरवत काढा. बोट निळं पडत असेल तर तडक दवाखाना गाठा, तिथे अंगठी कापतात. सोनं जोडता येतं. पायातल्या जोडव्यांचंही तसंच, पण जोडवी बहुधा खालून मोकळी असतात, सैल करता येतात.

याच बोटांसाठी चांदीचा आणखी एक दागिना असतो, जो मुळात दागिना नाही. आमवातात बोटाचं मधलं पेर उलटं मागे वाकायला लागतं, त्याला हंसाच्या मानेची उपमा देतात. ते थोपवायला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन जोडकड्यांची पट्टी बोटात घालतात. ती प्लास्टिकची मिळते, तशी चांदीचीही करतात. माप मात्र थेरपिस्टनेच घ्यायला हवं. माझ्या उजव्या हातात अशा दोन आहेत. भाजीवाल्या मावशी मागे म्हणाल्या, ‘‘नवीन डिझाइन दिसतंय!’’ तेव्हा मी खरं काय ते सांगितलं आणि दोघी बराच वेळ बोललो, कारण त्यांचीही पेरं तशीच निघाली.

दुखण्याचं एक रूप स्पर्शाचं असतं. फायब्रोमायल्जियासारख्या आजारात मेंदू आणि मज्जारज्जू येणारे संदेश वाढवून ऐकतात. माईकचा आवाज फार चढवला की कुजबुजही कानठळ्या बसवते, तसं काहीसं. मग ब्लाउजचं लेबल, जरीची उलटी बाजू, पंख्याचा वारासुद्धा बोचतो. माझ्या मैत्रिणीला हे आहे. ती जरीच्या काठाला आतून मऊ मलमलची पट्टी लावून घेते आणि गळ्यात धातूऐवजी रेशमाच्या गोंड्यांची माळ घालते. वजनाचाही विचार हवाच. मान दुखत असेल तर जड झुमके डोकं धरायला लावतात. आपल्याकडे कानाचे वेल आहेत, झुमक्यापासून केसांत अडकवायची मोत्यांची साखळी. ते नुसते शोभेला नाहीत, झुमक्याचा भार कानाच्या पाळीवरून केसांकडे नेतात. पर्स खांद्याला न लटकवता आडवी, तिरप्या पट्ट्याची घ्यावी, आणि आत आठवडाभराचं सामान साठवू नये.

कमरेचा पट्टा लावणारे आमचे शेजारी काका तो कुर्त्यावर दिसू नये म्हणून वरून जॅकेट घालतात आणि फार रुबाबदार दिसतात. पट्टा आत आहे हे ठाऊक असल्यामुळे मला ते अधिकच देखणे वाटतात.

काठी घ्यायला मी तीन वर्षं टाळाटाळ केली. काठी म्हणजे म्हातारपण, असं मनात घट्ट बसलं होतं. शेवटी घेतली ती सागवानी, रुंद सपाट मुठीची, कारण गोल बारीक मूठ दुखऱ्या पंजाला रुतते. पायात नेहमीच्या चपला घालून सरळ उभं राहावं, हात सैल सोडावा आणि काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, एवढीच तिची उंची. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. खालचं रबर झिजलं की बदलायचं. मी मुठीजवळ मनगटात अडकवायला एक रेशमी फास लावला आहे, म्हणजे पैसे देताना काठी पडत नाही आणि वाकावं लागत नाही. पैठणीवर जांभळा, सुती साडीवर लाल.

या सगळ्यात एक गोष्ट मला खरोखर जाचते. नीट आवरून गेलं की दुखण्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. एका दवाखान्यात माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून मला सांगितलं गेलं, ‘‘तुम्हाला बघून तर काही वाटत नाही.’’ त्या दिवशी मी बोलले नाही. पुढच्या वेळी जाताना जुना ड्रेस घालून, केस न विंचरता जावं का, असा विचार आला आणि त्या विचाराचीच मला लाज वाटली. दुखणं सिद्ध करायला माणसाने विस्कटलेलं का दिसावं? २०१६ मध्ये इंग्लंडच्या गॅटविक विमानतळावर न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी सूर्यफुलांची हिरवी पट्टी गळ्यात घालायची सोय सुरू झाली, कर्मचाऱ्यांना न सांगता कळावं म्हणून. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, जुनाट वेदना स्वतंत्रपणे त्यात नाही. आता मी डॉक्टरांकडे जाताना साडी नेसते, कानात घालते, आणि सोबत एक कागद नेते. सकाळी किती वेळ आखडलं, कोणतं पेर, किती रात्री झोप नाही. कागद बोलतो, मी साडी सांभाळते.

आईच्या कुड्यांचं मात्र बरेच दिवस ठरत नव्हतं. सोनारकाकांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, ‘‘ताई, मळसूत्र जुनं आहे, हाताने पाडलेले आटे आहेत. हे कापायला माझा हात होत नाही.’’ मी त्यांना माझी चिमूट करून दाखवली, जेवढी होते तेवढी. ते काही वेळ गप्प राहिले. आठ दिवसांनी कुड्या आल्या. मागे गुळगुळीत सरळ दांडी, तिच्यावर बटणाएवढी रुंद दाबाची फिरकी. काकांनी जुन्या दोन फिरक्या गुलाबी कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. रात्री झोपताना मी कुड्या वाटीत काढून उशाशी ठेवते, सकाळी कपाटापर्यंत जावं लागू नये म्हणून. पुडी कपाटात, आईच्या डबीतच आहे.