नमुना नाकारण्याचे शिक्षण

मुलाने अकरावीला जीवशास्त्र घेतले की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत डॉक्टरकीचे स्वप्न रंगू लागते. ते साधले नाही, तर ‘निदान हे तरी’ म्हणून वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम स्वीकारला जातो. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला हा ‘निदान’ शब्द खटकतो. कारण आमच्या कित्येक निर्णयांचा पाया हेच तंत्रज्ञ रचत असतात.

तीन किलो वजनाच्या नवजात अर्भकाच्या अंगात रक्त असते सुमारे पाव लिटर. त्यातला थेंब न् थेंब मोलाचा. टाच जोराने पिळल्यास तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीएचा अंश दुसऱ्या नळीत गेला, तर पोटॅशियम वाढते व कॅल्शियम घटते. काविळीच्या बाळाचा नमुना उजेडात राहिला, तर बिलिरुबिन कमी भरते. फ्लोराइडविना ठेवलेल्या रक्तातील साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. नळीत बारीकशी गुठळी झाली तरी प्लेटलेट कमी मोजल्या जातात. डेंग्यूच्या दिवसांत असा एक आकडा साऱ्या घराची झोप उडवतो. या प्रत्येक वेळी यंत्र मात्र अचूक चाललेले असते!

बारावीनंतरच्या पदविका वा पदवी अभ्यासक्रमात रक्तशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, ऊतिविकृतिशास्त्र व रक्तपेढीचे काम शिकवले जाते. मलेरियासाठी रक्ताचा जाड थर जंतू शोधण्यास आणि पातळ थर त्याची जात ओळखण्यास कसा उपयोगी पडतो, हे विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. रुग्णांचे नमुने लावण्यापूर्वी ज्ञात मूल्याचा नमुना चालवून यंत्राची परीक्षा घ्यायला शिकतो. परंतु या शिक्षणाचे सार मला वाटते ते असे: संशयास्पद नमुना ओळखणे आणि मध्यरात्रीही वरिष्ठ डॉक्टरांना ‘हा चालणार नाही, पुन्हा पाठवा’ असे ठामपणे सांगणे. पोटॅशियम खरोखर वाढले असेल, तर बाळाचे हृदय थांबू शकते. खोटे असेल, तर बाळाला नको ते औषध दिले जाते. रक्तद्रवावर आलेली तांबूस छटा पाहून वेळीच कळवणारा तंत्रज्ञ या दोन्ही संकटांत आमचा सोबती ठरतो.

२०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र कायदेशीर स्थान दिले आहे. प्रवेश घेताना पालकांनी संस्थेची मान्यता तपासावी. प्रत्यक्ष काम मोठ्या रुग्णालयात शिकायला मिळते का, हेही विचारावे.

आणि डॉक्टर बंधुभगिनींनो, नमुना परत आला की आपण तंत्रज्ञावर चिडतो. त्याऐवजी कारण विचारून घेतले, तर ‘नाही’ म्हणण्याचे त्याचे धैर्य टिकेल. आपल्या बाळांना त्याचीच गरज आहे.