संत्र्याचा केक, मोहाचं फूल आणि बिट्टीचा धोका

गेल्या भीमजयंतीला एका वस्तीत मुलींनी घरीच संत्र्याचा केक केला होता. ओव्हन नाही, कढईत भाजलेला. मोबाईलवर पाहून वरून ताजी पिवळी फुलं खोवली होती. आम्ही जवळ जाऊन पाहिलं तर ती बिट्टीची! अख्खा केकच टाकायला लावला. मुली हिरमुसल्या. एक आजी म्हणाल्या, "बाई, विहारात वाहाले चालते ते फूल खाले काहून नाही चालत?"

आजींचा प्रश्न बरोबर होता, म्हणून सविस्तर सांगतो.

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. ही आणि लाल-पांढरी कण्हेर, दोन्हींचं पान, फूल, मुळी, चीक सगळंच विषारी. बिट्टीचं बी तर फारच घातक. हे विष हृदयावर जातं. आधी उलट्या, पोटदुखी, चक्कर. मग नाडी मंद होते किंवा चुकायला लागते. भाजल्याने किंवा वाळवल्याने ते जात नाही. धोत्रा, रुई, घाणेरी हीसुद्धा खाण्याची फुलं नव्हेत. सदाफुलीही नाही, तिची पानं-फुलं शुगरसाठी चावणारे पुष्कळ भेटतात, त्यांनी ते आजच बंद करावं.

कोणी असं काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. लक्षणांची वाट पाहू नका. त्या झाडाची फांदी सोबत घ्या, 108 ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

गुलाबाच्या पाकळ्या खाता येतात, पण घरच्या झाडाच्या. बाजारातली फुलं हारासाठी पिकवतात, त्यावर फवारणी खाण्याचा विचार करून होत नाही.

फुलं खाणं आपल्याला नवीन थोडंच आहे? हादग्याच्या, शेवग्याच्या फुलांची भाजी आपण करतोच. केकसाठी आम्हाला आवडतं ते मोहाचं फूल. मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते, आणि दारूबंदीच्या आपल्या जिल्ह्यात जरा जास्तच! पण वाळलेलं फूल मनुक्यासारखं गोड लागतं. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, तेव्हा आर्वी, कारंजा, आष्टीकडचा मृग बहाराचा संत्राही संपत आलेला असतो. सकाळी पडलेली ताजी फुलं वेचा, आतले केसर काढा, दोन-तीन पाण्यांनी धुऊन कडक वाळवा. आंबूस वास किंवा बुरशी आली तर फेकून द्या.

दीड वाटी कणकेत एक लहान चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा चाळून मिसळा. पाऊण वाटी साखर, पाव वाटी तेल आणि एक वाटी संत्र्याचा रस वेगळा फेटा. सालीचा फक्त नारिंगी भाग किसून घाला, आतला पांढरा कडू असतो. साल आधी चोळून धुवायची. अर्धी वाटी मोह भिजवून, पिळून, बारीक चिरून टाका. मग कणीक मिसळा. घट्ट वाटलं तर थोडं पाणी. आंबट रस सोड्याला लागला की बुडबुडे उठतात, त्यानेच केक फुगतो, अंडं लागत नाही. म्हणून मिसळल्यावर गप्पा मारत थांबू नका. जाड कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकून दहा मिनिटं तापवा. तेल लावलेला डबा आत ठेवून मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. सुरी टोचली की कोरडी निघाली पाहिजे.

संत्रा घातला म्हणून हा केक औषध होत नाही. क जीवनसत्त्व आचेने बरंच कमी होतं. ते हवं असेल तर संत्रा कच्चाच, जेवणासोबत खा. भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. रक्त कमी असलेल्या पोरींना आम्ही हेच सांगतो. मात्र घरात सिकलसेल असेल तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि शुगरवाल्यांनो, मोहाचा गोडवाही साखरच आहे. तुम्हाला एक लहान तुकडा, तोही जेवणातली अर्धी पोळी कमी करून.