फॅलेनॉप्सिस आणि घरातली हवा

रोपवाटिकेत किंवा फुलांच्या दुकानात पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा कमानदार दांडा मिरवणारे जे ऑर्किड हमखास दिसते, ते बहुधा फॅलेनॉप्सिस असते. या प्रजातीला हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल ब्लूम याने १८२५ मध्ये दिले. तिचे मूळ घर म्हणजे इंडोनेशिया, फिलिपीन्स आणि आसपासची उष्ण, पावसाळी अरण्ये. तिथे ही रोपे जमिनीत नव्हे, तर झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर सावलीत वाढतात. त्यांना बांडगूळ म्हणणे मात्र अन्यायाचे आहे. बांडगूळ यजमान झाडाचा रस शोषते. ऑर्किड त्याच्याकडून फक्त आधार घेते. पाणी मिळते ते पावसाचे, दवाचे आणि सालीवरून ओघळणारे. सह्याद्रीतल्या झाडांवर फुलणारी सीतेची वेणी याच रीतीने जगते.

या राहणीसाठी मुळांची घडणही वेगळी आहे. मुळाभोवती मृत पेशींचे जाड, सच्छिद्र आवरण असते. पाणी लागताच हे आवरण टीपकागदासारखे ते शोषून घेते आणि मूळ हिरवे दिसू लागते. सुकले की पुन्हा चंदेरी होते. पाणी केव्हा घालायचे हे सांगणारी याहून चांगली खूण नाही, आणि म्हणूनच हे रोप पारदर्शक कुंडीत ठेवणे सोयीचे. एक भेद येथेच ध्यानात घ्यायला हवा. कुंडीतला ओलावा आणि हवेतला ओलावा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही. हवा कोरडी आहे म्हणून कुंडीत जास्त पाणी घातले, तर मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे पाने सुरकुततात. आणि सुरकुतलेली पाने पाहून आणखी पाणी घातले जाते. घरातली बरीच ऑर्किडे या फेऱ्यातच दगावतात.

हवेतला ओलावा मोजतात तो सापेक्ष आर्द्रतेत. त्या तापमानाला हवा जितके बाष्प सामावू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, हे तो आकडा सांगतो. तापमान वाढले की हवेची सामावण्याची क्षमता झपाट्याने वाढते. २० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, ३० अंशांना सुमारे ३०. म्हणून आकडा एकटा पाहून चालत नाही. ३५ अंशांची ५० टक्के आर्द्रतेची हवा २० अंशांच्या ५० टक्के आर्द्रतेच्या हवेपेक्षा दुपटीहून अधिक जोराने पाणी ओढते. फॅलेनॉप्सिसला साधारण ५० ते ७० टक्के आर्द्रता मानवते. ४० टक्क्यांतही रोप तग धरते, पण कळ्या ते सोसत नाहीत.

पर्णरंध्रांची गोष्ट याहून महत्त्वाची. बहुतेक वनस्पती दिवसा रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. फॅलेनॉप्सिस मुख्यतः रात्री घेते. दिवसा रंध्रे मिटून पाणी वाचवते. म्हणजे तिच्या दृष्टीने रात्रीची हवा निर्णायक ठरते. शहरी घरांत एसी नेमका रात्री, झोपायच्या खोलीत चालतो. एसी हवा थंड करताना तिच्यातले बाष्प थंड नळ्यांवर गोठवून नव्हे, तर पाणी करून बाहेर काढतो. बाहेरच्या नळीतून ठिबकणारे पाणी ते हेच. मुंबई किंवा पणजीसारख्या दमट शहरातही बंद एसीच्या खोलीतले ऑर्किड कोरड्या हवेत असू शकते, ते यामुळे. हिवाळ्यात हीटर लावून राहणाऱ्या परदेशातल्या मराठी घरांत हे आणखी तीव्र होते: बाहेरची शून्य अंशाची, बाष्पाने पूर्ण भरलेली हवासुद्धा २१ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते.

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पठारी भागात अडचण ऋतूंच्या क्रमाने येते. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा फुटायला काही आठवडे २५ अंशांखालचा गारवा लागतो, आणि तो हिवाळ्यात आपसूक मिळतो. पण त्या दांड्यावरच्या कळ्या भरतात तेव्हा फेब्रुवारी-मार्च उजाडलेला असतो आणि दुपारची हवा कोरडी होऊ लागते. कळ्या पिवळ्या पडून गळतात. त्या गळण्याला इतर कारणेही आहेत: रोपाची जागा एकाएकी बदलणे, थेट वाऱ्याचा झोत, किंवा जवळ पिकायला ठेवलेली केळी-आंबे, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कळ्यांना घातक असतो. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळीही फोफावतो.

उपायांमध्ये सर्वाधिक वापर फवाऱ्याच्या बाटलीचा होतो आणि उपयोग तिचाच सर्वांत कमी. फवारलेले पाणी काही मिनिटांत उडून जाते आणि आर्द्रता पुन्हा पूर्ववत होते. शिवाय ते पानांच्या मधल्या पोंग्यात साचते. फॅलेनॉप्सिसला वाढीचे टोक एकच असते. पोंगा कुजला की बहुतेकदा रोपच संपते. फवारायचेच असेल तर सकाळी फवारावे आणि पोंग्यातले पाणी कापसाने टिपून घ्यावे. खडे आणि पाणी भरलेले ताट कुंडीखाली ठेवण्याचा फायदा थोडा आणि अगदी जवळपुरता असतो; कुंडीचा तळ मात्र पाण्याला टेकता कामा नये. चार-सहा कुंड्या एकत्र ठेवल्या तर परस्परांच्या बाष्पाने तेवढ्या कोपऱ्यात दमटपणा टिकतो. खोलीची आर्द्रता खरोखर वाढवते ते ह्युमिडिफायर. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या यंत्रात बोअरचे जड पाणी घातले तर क्षारांची पांढरी भुकटी पानांवर बसते, म्हणून आरओचे पाणी वापरावे.

विदर्भ-मराठवाड्यात तर हवा दमट करणारे साधन घरोघरी आधीच आहे. कूलर वाळ्याच्या किंवा गवताच्या ओल्या ताट्यांतून हवा ओढतो, तेव्हा ती गारही होते आणि दमटही. कूलरच्या थेट झोतापासून दूर, पण त्याच खोलीत ठेवलेल्या ऑर्किडला मे महिन्यात याहून सोयीची जागा मिळणे कठीण. खिडकी मात्र थोडी उघडी हवी.

जूनमध्ये प्रश्न उलटा होतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात राहते, आणि आता ह्युमिडिफायर बंद करून हवा खेळती ठेवणे हेच काम उरते. साचलेल्या दमट हवेत पाकळ्यांवर बुरशीचे तपकिरी ठिपके उमटतात, पानांवर पाणचट डाग पसरतात. मूळ अरण्यातही हवा दमट असते, पण उंच फांदीवर ती सतत हलती असते. पान भिजते तसे वाळतेही. मंद गतीवरचा पंखा पावसाळ्यात कोणत्याही बुरशीनाशकाआधी कामी येतो. पाण्याच्या दोन पाळ्यांतले अंतरही वाढवावे लागते.

हे सारे अंदाजाने करण्यापेक्षा साधा डिजिटल आर्द्रतामापक रोपाजवळ ठेवावा. स्वस्त यंत्रे काही टक्क्यांनी चुकतात, पण ती घरी तपासता येतात. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते दाट ओलसर होईल इतकेच पाणी घालावे आणि मापकासह हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवावे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७० दाखवत असेल, तर त्याच्या आकड्यात ५ मिळवून वाचावे.