विवाह नको, पण हक्क हवेत!

विवाहसंस्था मान्य नसली, तरी जोडीदाराला कायद्याचे संरक्षण मिळावे, ही ब्रिटनमधील काही स्त्री-पुरुष जोडप्यांची मागणी दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर मान्य झाली. इंग्लंड व वेल्समध्ये ३१ डिसेंबर २०१९ पासून अशा जोडप्यांनाही 'सिव्हिल पार्टनरशिप', म्हणजेच नागरी भागीदारी, नोंदविता येते.

मुळात २००४ चा हा कायदा केवळ समलिंगी जोडप्यांसाठी होता. विवाहाचे बहुतेक हक्क त्यांना द्यायचे, पण 'विवाह' हा शब्द मात्र टाळायचा, अशी ती तडजोड होती. २०१४ मध्ये समलिंगी विवाहही सुरू झाले आणि नवाच पेच उभा राहिला. समलिंगी जोडप्यांपुढे दोन पर्याय होते, तर स्त्री-पुरुषांपुढे एकच!

रिबेका स्टाइनफेल्ड आणि चार्ल्स कीडन या लंडनच्या जोडप्याने त्याला आव्हान दिले. विवाहाला चिकटलेला पुरुषप्रधान वारसा त्यांना नको होता. तेथील विवाह दाखल्यावर २०२१ पर्यंत वधू-वरांच्या केवळ वडिलांचे नाव असे, आईचे नव्हे. अपील न्यायालयात ते २०१७ मध्ये हरले. परिस्थितीचा अंदाज घेण्यास वेळ हवा, असे सरकारचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २७ जून २०१८ रोजी ते एकमताने फेटाळले. भेदभाव दिसत असताना तो चालू ठेवून वाट पाहता येणार नाही, असा या निकालाचा आशय होता.

ब्रिटनमध्ये न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही. तो मानवी हक्कांशी विसंगत असल्याचे केवळ जाहीर करू शकते. त्यामुळे अखेरचे पाऊल संसदेलाच उचलावे लागले आणि २०१९ मध्ये नवा कायदा झाला.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. अनेक वर्षे एकत्र राहिले की कायदा आपोआप पती-पत्नी मानतो, असा समज तेथे सर्रास आढळतो. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये असा दर्जाच नाही. मृत्युपत्र न करता जोडीदार दगावला, तर मागे राहिलेल्याला वारस म्हणून आपोआप काहीही मिळत नाही. नोंदणीकृत भागीदाराला मात्र वारसाहक्क, वारसा करातील सवलत आणि निवृत्तिवेतनाचे लाभ मिळतात. त्यासाठी शपथ उच्चारण्याचीही सक्ती नाही. साक्षीदारांसमोर केलेली सही पुरते.

अर्थात, नोंदणी न करता एकत्र राहणाऱ्यांचा प्रश्न या कायद्याने सुटलेला नाही. नवा पर्याय खुला झाला, तरी संरक्षण मिळते ते सही करणाऱ्यांनाच.