मुळा खोऱ्यातील दोन ग्रामसभा

अकोले तालुक्याच्या डोंगरात उगम पावणारी मुळा नदी राहुरी तालुक्यात धरणाने अडवली जाते; मात्र या एकाच नदीकाठच्या आदिवासींना गावकारभाराचे अधिकार सारखे नाहीत. अकोल्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र, म्हणजे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार राष्ट्रपतींनी घोषित केलेला आदिवासीबहुल प्रदेश, असल्याने तेथे १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा, कायदा लागू असून, महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केल्यापासून महादेव कोळी व ठाकर या जमातींच्या एखाद्या वाडीलाही स्वतःची ग्रामसभा स्थापून गौण वनोपज, म्हणजे हिरडा, मध यांसारखे लाकडाव्यतिरिक्तचे उत्पन्न, आणि पाणवठे यांविषयी निर्णय घेता येतात. शिवाय आदिवासी उपयोजनेतील, म्हणजे आदिवासी विकासासाठी राज्याने वेगळ्या राखलेल्या तरतुदीतील, पाच टक्के निधी २०१५ पासून थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो, आणि हीच तरतूद सर्वांत मोलाची आहे, कारण पैशाविना अधिकार कागदावरच राहतो.

राहुरी मात्र अनुसूचित क्षेत्राबाहेर असल्यामुळे तेथील भिल्ल वस्तीला पाणी, रस्ता वा अंगणवाडीची मागणी संपूर्ण गावाच्या सर्वसाधारण ग्रामसभेतच मांडावी लागते, जेथे संख्येने थोड्या असलेल्यांचा आवाज सहज दबतो. म्हणूनच वस्तीवरील स्त्री-पुरुषांनी येत्या ग्रामसभेला एकत्र जावे, मागणी लेखी द्यावी आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.